नारा, अर्धा दिवस

आमच्या लग्नाला पंचवीस वर्षं झाली तेव्हा मुलाने आम्हाला परदेशी पाठवायचं मनावर घेतलं. तो वापीला एका कंपनीत नोकरीला आहे. एका रविवारी घरी आला आणि टूरवाल्यांची रंगीत पत्रकं जेवणाच्या टेबलावर पसरून म्हणाला, "दुबई, सिंगापूर, थायलंड. बोला."

"जपानचं नाही का?" मी विचारलं.

तो बघतच राहिला. पण दोन दिवसांनी जपानचंही पत्रक घेऊन आला. मी शिकवते त्या शाळेत समजल्यावर सगळ्या बाई मागे लागल्या, जपानच का? मी सांगितलं, आपल्या तलासरीत बुलेट ट्रेनचे एवढाले खांब उभे राहतायत, तर ती गाडी असते कशी ते बघून येते. सगळ्यांना ते पटलं.

खरी गोष्ट त्या पत्रकातल्या पाचव्या दिवसाच्या ओळीत होती. 'नारा – अर्धा दिवस. हरणांचं उद्यान व भव्य बुद्धमूर्ती.' नारा हा शब्द मी अकरा वर्षांची असताना ऐकला होता, आमच्या पाड्यावर, अंथरुणात पडल्या पडल्या.

आमचा पाडा उधव्याच्या पुढे, डोंगराच्या कुशीत. आजही तिथे जायचं तर शेवटचा तुकडा पायीच जावा लागतो. त्या वर्षी पावसाच्या सुरुवातीला एक जीप शाळेपाशी थांबली. त्यातून शेतकी कॉलेजचे एक सर उतरले आणि त्यांच्यामागून एक गोरी, बुटकी, बारीक डोळ्यांची मुलगी. चोवीस-पंचवीस वर्षांची असेल. ती जपानहून आली होती. आमच्याकडची नागली आणि वरई कशी पेरतात, बी कसं राखतात, याचा अभ्यास करायला. ती शाळेतच राहणार होती. पण शाळेचं छप्पर गळत होतं आणि पहिल्याच रात्री तिची वह्या-पुस्तकं भिजली. सकाळी आई पाण्याला चालली होती, तिने हे बघितलं आणि गुरुजींना म्हणाली, "पोरीला आमच्याकडे पाठवा. आम्ही जे खातो ते खाईल."

ती आली आणि पाच महिने राहिली. आमच्याकडे मोठ्या बहिणीला बाय म्हणतात. मी तिला बाय म्हणायला लागले, मग सगळा पाडाच म्हणायला लागला.

आईला ती पहिल्या आठवड्यातच आवडली, कारण तिला आवणी यायची. चिखलात उतरून वाकली ती सरळ रेघेत रोपं लावत गेली. तिच्या आजोबांची भातशेती होती म्हणे. आईने बांधावरून बघितलं आणि बाबांना म्हणाली, "ही आपलीच आहे, चुकून तिकडे जन्मली." नागलीची भाकर तिला आधी गिळता येईना, मग दोन दोन खायला लागली. डहाणूच्या बाजारातून आणलेले सुके बोंबील मात्र तिने पहिल्या दिवसापासून आनंदाने खाल्ले. रोज संध्याकाळी ती चुलीपाशी बसून एकेका वस्तूकडे बोट दाखवायची, आई नाव सांगायची आणि ती वहीत लिहून घ्यायची. सूप, उखळ, फुंकणी, शिंकं. चुकीचा उच्चार केला की आई हसायची. आईचा पुढचा एक दात विहिरीवर पडून तुटला होता, म्हणून हसताना ती पदराचं टोक तोंडावर धरायची.

रात्री बाय माझ्या शेजारी झोपायची. एकदा मी तिला विचारलं, तुझं गाव कसं आहे? तिने मोडक्या मराठीत सांगितलं की तिचं गाव नारा. फार जुनं, राजाचं गाव. तिथे रस्त्यावर हरणं फिरतात. माणसाने मान वाकवली की हरणंही मान वाकवतात.

"त्यांना कोणी मारत नाही?"

"नाही. देवाची हरणं."

"मग ती शेतं खात नाहीत?"

ती उठून बसली. मग म्हणाली, "माहीत नाही. तू ये. आपण बघू."

तिच्याकडे कॅमेरा होता. ती शेताचे, कणसांचे, बैलांचे आणि आमचे फोटो काढायची. कापणी, झोडणी झाली आणि ती गेली. आईने वरईचं बी आणि बोंबील एका फडक्यात बांधून दिले. हायवेपर्यंत आम्ही सगळे पोचवायला गेलो. आईच्या कडेवर माझा धाकटा भाऊ होता, वर्षाचा.

मग शाळेच्या पत्त्यावर तिची पत्रं यायला लागली. इंग्रजी अक्षरांत लिहिलेलं मराठी. गुरुजी वाचून दाखवायचे. एका पत्रात तीन फोटो होते. एक घराचा, एक बैलांचा आणि एक माझा, हातात भाताची पेंढी घेतलेला. आईचा नव्हता. पत्रात लिहिलं होतं, 'आईचे फोटो चांगले आले आहेत. ते मी स्वतः घेऊन येईन.' आईने ते वाक्य गुरुजींकडून दोनदा वाचून घेतलं.

मी आश्रमशाळेत आठवीला होते तेव्हा आई तापाने गेली. चार दिवसांचा ताप. मला निरोप पोचला आणि मी पाड्यावर आले तोवर सगळं झालं होतं. मतदार ओळखपत्रं आमच्याकडे त्यानंतर काही वर्षांनी आली, रेशनकार्डावर तेव्हा फोटो नसायचा. आईचा एकही फोटो कुठे नव्हता. माझा भाऊ तेव्हा चार वर्षांचा होता. त्याला तिचा चेहरा आठवत नाही. मला आठवतो असं मी समजत होते, पण तिशी ओलांडल्यावर एक दिवस लक्षात आलं की मला पदर आठवतो, हात आठवतात, आवाज आठवतो, चेहरा डोळ्यांपुढे धरला की निसटतो.

आई गेल्यानंतर दोन महिन्यांनी बायचं आणखी एक पत्र आलं. 'आई कशी आहे? तू लिही. तू आता मोठी झालीस.' मी लिहायला बसले. पहिली ओळ काय लिहायची तेच कळेना. पत्र दप्तरात ठेवलं. महिना गेला, वर्ष गेलं. नंतर लाज वाटायला लागली, आता काय तोंडाने लिहायचं. तिचीही पत्रं थांबली. ते शेवटचं पाकीट तेवढं मी जपून ठेवलं. डी.एड.ला जाताना, लग्न होऊन तलासरीला येताना, प्रत्येक वेळी ते माझ्याबरोबर आलं. मागच्या बाजूला तिचं नाव आणि पत्ता जपानी अक्षरांत होता आणि खाली इंग्रजीत फक्त 'नारा, जपान'.

दिवाळीच्या सुट्टीत आम्ही निघालो. यजमान तहसील कचेरीत आहेत, त्यांनी कशीबशी आठ दिवसांची रजा मिळवली. टूरमध्ये आम्ही बावीस जण होतो, बहुतेक मुंबई-पुण्याचे. टूरबरोबर आलेला मॅनेजर मुलगा सगळ्यांना सकाळी मोजून घ्यायचा, संध्याकाळी मोजून घ्यायचा. टोकियोच्या उंच इमारती बघितल्या, डोंगर बघितला, बुलेट ट्रेनमध्ये बसलो. यजमान खिडकीला नाक लावून बसले होते. मध्ये मध्ये म्हणायचे, "हे बघ, यांचंही भात कापून झालंय." खरंच, गाडी एवढ्या वेगाने पळत होती आणि बाहेर छोट्या छोट्या खाचरांत बांबूच्या दांडीवर भाताच्या पेंढ्या उलट्या टांगलेल्या होत्या. ते बघताना पाड्यावर या आठवड्यात कोण कोण कापणीला आलं असेल ते माझ्या मनात येत होतं.

पाचव्या दिवशी सकाळी बस नाराला निघाली. पाकीट माझ्या पर्समध्ये होतं. रस्त्यात मी दोनदा उठून पुढे गेले आणि दोनदा परत येऊन बसले. शेवटी यजमानच म्हणाले, "दे इकडे." पाकीट घेऊन ते पुढच्या सीटवर बसलेल्या स्थानिक गाईडबाईंकडे गेले. पन्नाशीच्या, गळ्यात निळा रुमाल, इंग्रजी सावकाश बोलणाऱ्या. मीही मागोमाग गेले आणि माझ्या शाळेतल्या इंग्रजीत सगळं सांगितलं. पाच महिने, नागली, आई, पत्र.

त्यांनी पाकीट दोन्ही हातांनी घेतलं. पत्ता वाचला. चष्मा काढून पुन्हा वाचला.

"हा भाग अजून आहे," त्या म्हणाल्या. "जुन्या व्यापाऱ्यांची वस्ती. मोठ्या देवळापासून वीस-पंचवीस मिनिटं चालत. पण पस्तीस वर्षं झाली. घर असेल, माणसं असतील की नाही, सांगता येत नाही."

"बस किती वेळ थांबणार?" यजमानांनी विचारलं.

"तीन तास. एक वाजता सगळे बसमध्ये हवेत."

त्यांनी त्यांच्या वहीचं एक पान फाडून त्यावर जपानीत काहीतरी लिहून दिलं. इंग्रजीत अर्थ सांगितला: या बाई भारतातून आल्या आहेत. तुमच्या घरातली मुलगी शिकत असताना यांच्या घरी राहिली होती. दुसऱ्या पानावर रस्त्याचा नकाशा काढला.

बसमधून उतरलो तर समोर हरणंच हरणं. फुटपाथवर, रस्त्याच्या मधोमध, दुकानांच्या दारात. गाड्या त्यांच्यासाठी थांबत होत्या. आमच्यातल्या बायका बिस्किटं घेऊन त्यांच्यापुढे वाकत होत्या आणि हरणं खरंच मान खालीवर करत होती. एक मोठं हरीण माझ्यापाशी आलं, माझ्याकडे बिस्किट नाही असं बघून माझ्या ओढणीचं टोक चावायला लागलं. मी ओढणी सोडवली. सगळे फोटो काढत लाकडाच्या त्या प्रचंड दरवाजाकडे निघाले. त्यांच्या पलीकडे देवळाचं छप्पर दिसत होतं, डोंगर असावा तसं.

"तुम्ही बुद्ध बघून या," मी यजमानांना म्हटलं. "एवढ्या लांब आलात. मी जाऊन येते."

"मी कशाला आलोय असं वाटतं तुला?" ते म्हणाले. "मला दुबई बघायची होती. तुझ्या मुलाला मीच सांगितलं, जपानचंही पत्रक आण म्हणून. चल."

पंचवीस वर्षांत ते पाकीट त्यांनी मला कपाटात इकडून तिकडे ठेवताना किती वेळा बघितलं असेल, आणि कधी काही विचारलं नव्हतं.  आम्ही नकाशा धरून चालायला लागलो.

एक तळं लागलं. त्याच्या काठाने खाली उतरलो तसा मोठा रस्ता संपला आणि गल्ल्या सुरू झाल्या. काळपट लाकडाची बैठी घरं, दाराला बारीक पट्ट्यांची जाळी, वर कौलं. आमच्या इकडच्या कौलांसारखीच, फक्त काळी. काही घरांच्या वळचणीला कापडाची लाल लाल गाठोडी माळेसारखी टांगलेली होती, नंतर समजलं ती माकडं, घरावरची पीडा स्वतःवर घेतात म्हणे. एवढं स्वच्छ की चप्पल घालून चालायला संकोच वाटावा. आणि शांत. एक म्हातारी दारातली पानं झाडत होती. तिला आम्ही पाकीट दाखवलं. तिने झाडू भिंतीला टेकवला आणि आमच्यापुढे चालू लागली. दोन वळणं घेऊन एका घरापाशी थांबली, दाराकडे हात केला, वाकली आणि परत गेली.

दारावर लाकडी पाटी होती. यजमानांनी पाकीट पाटीशेजारी धरलं आणि एकेक अक्षर ताडून बघितलं. "हे खिडकीसारखं, हे झाडासारखं. तेच आहे," ते म्हणाले.

माझा हात बेलपर्यंत जाईना. त्यांनीच बेल दाबली.

दार पन्नाशी ओलांडलेल्या एका माणसाने उघडलं. स्वेटर, पायात मोजे, हातात वर्तमानपत्र. मी चिठ्ठी पुढे केली. त्यांनी वाचली, माझ्याकडे बघितलं, पुन्हा वाचली आणि एकदम मोठ्याने काहीतरी म्हणाले. मग खिशातून मोबाईल काढून त्यात बोलले. मोबाईलमधून एक बाई मराठीत बोलली: "कृपया आत या. आपले बूट खाली सोडा. ती माझी मोठी बहीण आहे."

'आहे' म्हणाली. मी यजमानांचा दंड धरला.

आत चटयांची खोली होती. आम्हाला उशांवर बसवलं, कपात चहा आणि ताटलीत चिरलेलं केशरी फळ आणून ठेवलं. ते एकटेच राहत असावेत. मोबाईल आमच्या मध्ये ठेवून आमचं बोलणं सुरू झालं. तो कधी बरोबर सांगायचा, कधी भलतंच. एकदा म्हणाला, "माझी बहीण बर्फाबरोबर विवाहित आहे." पुष्कळ वेळाने उलगडलं की ती लग्न होऊन उत्तरेकडच्या बेटावर गेली, जिथे बर्फ पडतो. तिथल्या शाळेत शिकवायची, आता निवृत्त झाली. इथून विमानानेच जावं लागतं. गुडघ्यांचं ऑपरेशन झालंय, दोन वर्षांत इकडे आलेली नाही.

म्हणजे ती नाराला नव्हती. मी मान हलवत राहिले. 

त्यांनी कोपऱ्यातल्या घरच्या फोनवरून फोन लावला. पलीकडून आवाज आला तसे ते भराभर बोलायला लागले, त्यात 'इंदो, इंदो' ऐकू येत होतं. मग आवाज थांबला. त्यांनी फोन माझ्या हातात दिला.

"बाय," मी म्हटलं.

पलीकडे नुसता श्वास. मग तिने माझं घरातलं नाव घेतलं. ते नाव घेणारं आता भावाशिवाय कोणी उरलेलं नाही.

"तू... नारा?"

"हो बाय. तुझ्या घरी. आत्ता."

ती हसली की रडली ते कळलं नाही. मग जपानीत पुष्कळ बोलली. मला एक अक्षर समजलं नाही. मी मराठीत बोलले, तिला समजलं नसावं. पस्तीस वर्षांत तिचं मराठी पुसून गेलं होतं. ती थांबून थांबून एकेक शब्द शोधत होती, अंधारात हात फिरवून वस्तू चाचपावी तसं. "चूल," ती म्हणाली. "सूप. उखळ. शिंकं." प्रत्येक शब्दानंतर मी हो म्हणत होते.

मग म्हणाली, "आई?"

मी ज्या ओळीला चौदाव्या वर्षापासून घाबरत होते ती आली होती.

"आई नाही, बाय. गेली. खूप वर्षं झाली. मी तुला लिहिलं नाही."

तिला 'नाही' समजलं.  तिच्या भावाने माझ्या चेहऱ्याकडे बघून मोबाईल उचलला, पण यजमानांनी हाताने त्यांना थांबवलं.  मग ती हळूच म्हणाली, "मी पत्र... खूप वाट." आणि पुढे शब्द सापडेना म्हणून तेच पुन्हा म्हणाली, "खूप वाट."

"हो," मी म्हटलं. "माझं चुकलं."

मग तिने भावाला फोन द्यायला सांगितलं. ते ऐकत राहिले, उठले आणि जिन्याने वर गेले. वरून सामान सरकवल्याचे आवाज येत होते. यजमानांनी घड्याळ बघितलं आणि पुन्हा मनगट बाहीत लपवलं. साडेबारा होत आले होते.

ते एक पिवळा पत्र्याचा डबा घेऊन खाली आले. झाकणावर चिकटवलेल्या कागदावर वाकड्यातिकड्या देवनागरीत लिहिलं होतं, 'तलासरी'. आत पुठ्ठ्याच्या चौकटीतल्या छोट्या छोट्या काचेसारख्या फिल्म होत्या, ओळीने लावलेल्या. त्यांनी मला खिडकीपाशी नेलं, कागदाची सरकती झडप बाजूला केली आणि एक फिल्म उजेडासमोर धरून दाखवली. नागलीचं कणीस. दुसरी, कणीस. तिसरी, बी ठेवायची कणगी. मी एकेक बघत गेले. बैल, राबाची जाळलेली जमीन, बाबा, केवढे तरुण, बिडी ओढताना. मी.

आई तीनच फोटोंत होती. एकात आवणी करताना, पाठमोरी, वाकलेली, साडी गुडघ्याच्या वर खोचलेली. एकात नुसते हात, सुपात वरई पाखडणारे. हाताच्या गोंदणावरून मी ओळखले. तिसऱ्यात ती चुलीपाशी बसली होती, बायकडे बघून हसत होती आणि पदराचं टोक तोंडावर धरलं होतं. कपाळ, भुवया, डोळे. हसल्याने बारीक झालेले डोळे. नाकाच्या शेंड्यापासून खाली सगळा पदर.

मी ती फिल्म उजेडापुढे धरून उभी राहिले. तो पदर बाजूला होईल असं वेड्यासारखं वाटत होतं. डबा सगळा बघून झाला होता, तरी मी पुन्हा पहिल्यापासून बघायला लागले, एखादी सुटली असेल म्हणून.

"अगं, डोळे तुझेच आहेत," यजमान मागून म्हणाले. त्यांचा आवाज वेगळा लागत होता. त्यांनी तिन्ही फिल्म खिडकीला धरून मोबाईलवर त्यांचे फोटो काढले, एकेकीचे पाच पाच. बायच्या भावाने मोबाईलमध्ये बोलून सांगितलं, "मोठी बहीण म्हणते, पेटी तुमच्या घरी येईल. ती स्वतः ती पाठवेल. तिला आधी एकदा पाहायची आहे."

मी हो म्हटलं. फिल्म परत डब्यात ठेवताना बोटं सुटत नव्हती.

निघताना मी त्यांच्या पाया पडायला वाकले, ते घाबरून माझ्याहून जास्त वाकले. परतीच्या वाटेवर आम्ही जवळजवळ पळतच होतो. दहा मिनिटं उशीर झाला. बसमध्ये सगळे आमचीच वाट बघत होते. दादरच्या एक काकू, ज्या पहिल्या दिवसापासून माझ्या शेजारच्या सीटवर बसायच्या, म्हणाल्या, "अहो, कुठे होतात? बुद्ध बघितलात की नाही? नाकपुडीतून माणूस जाईल एवढा!"

"राहिला," मी म्हटलं.

"अरेरे. इतक्या लांब येऊन!"

गाईडबाईंनी पुढच्या सीटवरून वळून माझ्याकडे बघितलं, भुवया उंचावल्या. मी मान हलवली. त्या पुढे वळून बसल्या आणि रुमालाने चष्मा पुसायला लागल्या.

घरी आल्यावर पहिल्या रविवारी मी पाड्यावर गेले. तलासरीच्या स्टुडिओत तिन्ही फोटो मोठे करून घेतले होते. मोबाईलवरून काढलेले, त्यामुळे जरा धूसर. भाऊ खळ्यावर होता. हात धुऊन आला, ओट्यावर बसला. मी फोटो त्याच्या मांडीवर ठेवले.

त्याने पहिला उचलला, पाठमोरा. "हे आपलं खालचं शेत," तो म्हणाला. "तो बघ, तो आंबा. तेव्हा केवढासा होता." बराच वेळ तो शेतच बघत राहिला. दुसरा बघितला. मग तिसरा हातात घेतला आणि उजेडाकडे फिरवला.

"ही?"

"हो."

"एवढी लहान होती?"

मी हिशेब केला. आई तेव्हा तिशीची असेल. माझ्या भावाच्या आताच्या वयापेक्षा पाच-सहा वर्षांनी लहान. त्याने अंगठ्याने पदरावरून अलगद पुसलं, धूळ बसल्यासारखं. "तोंड का झाकलंय?"

मी दाताची गोष्ट सांगितली. त्याने ती कधीच ऐकली नव्हती. मग तो एकेक विचारत गेला, आवाज कसा होता, मला काय म्हणायची, रागवायची का. मला जेवढं आठवत होतं तेवढं सांगितलं. जे आठवत नव्हतं ते नाही सांगितलं, आणि ते पुष्कळ होतं. भावजय दोनदा जेवायला बोलावून गेली.

पेटी फेब्रुवारीत आली, बायच्या हातच्या लांबलचक चिठ्ठीसह. आता ती महिन्यातून एकदा व्हिडिओवर येते. पांढरे केस, जाड चष्मा, मागे खिडकीत बर्फ. आम्ही मोबाईलच्या भाषांतरावर बोलतो आणि मध्येच दोघीही ते बंद करून नुसत्या बसतो. ये, असं मी दर वेळी म्हणते. ती गुडघ्यांकडे बोट दाखवते.

गेल्या महिन्यात ती म्हणाली, आईला जिथे अग्नी दिला ती जागा बघायची आहे. रविवारी भाऊ आणि मी फोन घेऊन नदीवर गेलो. वाटेत दोनदा रेंज गेली, दोनदा पुन्हा लावला. काठावर जाऊन भावाने फोन पाण्याकडे फिरवला. तिथे काही नाही, दगड आहेत, पलीकडे साग. बायने हात जोडले आणि तिच्या भाषेत काही म्हणत राहिली. भाऊ फोन धरून हलला नाही. मग चित्र थिजलं, तिचे जोडलेले हात तसेच स्क्रीनवर राहिले, आवाज बंद झाला. मी म्हटलं, "गेली रेंज." तो म्हणाला, "असू दे, येईल," आणि हात लांब करून तसाच उभा राहिला.